38 प्रश्नांपैकी 17 कोरे: सीमाभागातील एका लहान माध्यमिक शाळेच्या निकालाचा प्रकरण अभ्यास

कर्नाटकातील दहावीचा निकाल 9 मे 2024 रोजी लागला. आदल्या वर्षी 83.89 टक्के असलेला राज्याचा निकाल त्या दिवशी 73.40 टक्क्यांवर आला, आणि चिक्कोडी शैक्षणिक जिल्ह्यातील ज्या लहान मराठी माध्यमाच्या शाळेविषयी हा लेख आहे, तिच्या 27 मुलांपैकी 17 मुले उत्तीर्ण झाली. आदल्या वर्षी 24 पैकी 22 उत्तीर्ण झाली होती. म्हणजे सुमारे 92 टक्क्यांची शाळा एका वर्षात 63 टक्क्यांवर आली होती, आणि गावात, चर्चच्या मंडळीत व शिक्षकांच्या खोलीत त्या दिवसापासून दुसरा विषय नव्हता.

ही शाळा एका ख्रिस्ती मंडळीच्या विश्वस्तांनी चालवलेली आहे. आठवी ते दहावी असे तीन वर्ग, प्रत्येकाची एकच तुकडी, आणि मुलांमध्ये ख्रिस्ती घरांतली मुले थोडीच. बाकीची शेतकरी, शेतमजूर आणि विडी वळणाऱ्या कुटुंबांतली. निपाणीच्या बाजूला तंबाखू आणि दूधगंगा-वेदगंगेच्या काठाने ऊस, अशा पट्ट्यातले हे गाव आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे व शाळेचे नाव येथे दिलेले नाही. मी स्वतः या भागात गणित शिकवून निवृत्त झालो. निकालानंतर आठवड्याभरात तेथील पाळक साहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, घरी आले आणि म्हणाले, "सर, तुम्ही एकदा पेपर बघा. आम्हाला नेमकं कुठं चुकतंय ते कळेना झालंय." त्यानंतरचे वर्षभर मी आठवड्यातून दोन दिवस त्या शाळेत जात होतो. जे पाहिले, मोजले आणि करून पाहिले, ते येथे लिहीत आहे.

कार्यालयात शिरताच समोरच्या भिंतीवर तैलरंगाने रंगवलेला निकालाचा फलक आहे. एका रकान्यात वर्ष आणि दुसऱ्यात टक्केवारी. फलकावर 2021 पुढे 100 लिहिलेले आहे, 2023 पुढे 91.67, आणि 2024 ची जागा त्या दिवसापर्यंत कोरी होती. आकडा लिहायला कोणाचा हात धजत नव्हता. पाहणाऱ्याला हे आकडे एकाच शिडीच्या पायऱ्या वाटतात, पण ते तसे नाहीत. 2021 ची परीक्षा कोविडमुळे जुलै महिन्यात दोन दिवसांत, बहुपर्यायी प्रश्नांवर घेतली गेली होती आणि राज्यभर जवळजवळ सगळेच उत्तीर्ण झाले होते. 2024 मध्ये परीक्षागृहांत कॅमेरे बसवून वेबकास्टिंग झाले, त्यामुळे राज्याचा निकाल घसरला, आणि तो सावरण्यासाठी परीक्षा मंडळाने ग्रेस गुणांचे प्रमाण त्या वर्षापुरते 10 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर नेले. प्रत्येक वर्षाची फूटपट्टी वेगळी होती. शिवाय 27 मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे 3.7 टक्के. तीन मुलांना परीक्षेच्या आठवड्यात ताप आला तरी शाळेचा निकाल 11 टक्क्यांनी घसरतो, आणि अशा घसरणीवरून शिक्षकांची लायकी ठरवली जाते. मोठ्या शाळांना ज्या मापाने मोजतात त्याच मापाने लहान शाळांना मोजणे हा माझ्या मते सरळ अन्याय आहे, आणि हे मी विश्वस्तांच्या पहिल्याच बैठकीत सांगितले.

तरीही 27 पैकी 10 मुले नापास होणे ही नुसती आकड्यांची हुलकावणी नव्हती. या दहापैकी आठ जण गणितात आणि पाच जण कन्नडमध्ये अडकले होते. चार जण फक्त एकाच विषयात राहिले होते.

त्या बैठकीत आणखी एक कागद पुढे आला, आणि या प्रकरणाचा खरा पेच तोच आहे. नुकतीच नववीतून दहावीत गेलेली आठ मुले 'कच्ची' म्हणून त्या कागदावर होती. त्यांच्या पालकांना बोलावून दाखला न्यायला सांगावे, अथवा संमती घेऊन त्यांना पुन्हा नववीत बसवावे, असा एका विश्वस्तांचा प्रस्ताव होता. त्यांचा हेतू वाईट नव्हता. आणखी एक वर्ष असा निकाल लागला तर पटसंख्या घटेल, आणि पटसंख्या घटली तर शाळाच राहणार नाही, ही त्यांची भीती खरी होती. आसपासच्या खेड्यांतून इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या गाड्या रोज सकाळी मुले घेऊन जातात, हे सगळ्यांना दिसत होते. पण मी मुख्याध्यापिका बाईंकडून आदल्या वर्षाच्या बॅचचे नववीचे गुणपत्रक मागवले. 2023 साली उत्तीर्ण झालेल्या त्या 22 मुलांपैकी सहा मुले, हाच निकष लावला असता, नववीत अशाच कागदावर बसली असती. त्यातली एक मुलगी आता निपाणीत पीयूसीला (अकरावी-बारावीला) शिकत होती. तिचे नाव घेताच खोलीत कोणी बोलेना. पाळक साहेबांनी तो कागद घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला आणि आठही मुले दहावीतच बसतील असे सांगितले.

मग मी पेपर मागितले. अनुत्तीर्ण मुलांपैकी चौघांनी गणिताच्या उत्तरपत्रिकांच्या स्कॅन प्रती मंडळाकडून मागवल्या होत्या. बाकीच्यांच्या पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका शाळेच्या कपाटात होत्या. गणिताचा लेखी पेपर 80 गुणांचा, त्यात 38 प्रश्न: एका गुणाचे सोळा (त्यांतले आठ बहुपर्यायी), दोन गुणांचे आठ, तीन गुणांचे नऊ, चार गुणांचे चार आणि पाच गुणांचा एक. उत्तीर्ण होण्यासाठी तेव्हा लेखीत 28 गुण लागत. मी चुका मोजायला बसलो होतो, पण पहिल्या तीन उत्तरपत्रिका पाहून चुका मोजणे सोडून दिले, कारण चुका फारशा नव्हत्याच. मुलांनी चुकीची उत्तरे लिहिली नव्हती. त्यांनी उत्तरेच लिहिली नव्हती. प्रश्नांचे क्रमांक टाकलेले होते, काही ठिकाणी 'उकल' हा शब्दही लिहिलेला होता, आणि त्याखाली कोरी जागा. म्हणून कोरे प्रश्न मोजायला लागलो. ज्यांना गणितात 20 ते 27 गुण मिळाले होते अशा मुलांनी 38 पैकी 14 ते 19 प्रश्न कोरे सोडले होते. त्यांतले बहुतेक शाब्दिक उदाहरणांचे होते.

जुलैमध्ये मी त्या कागदावरच्या आठपैकी एका मुलीला समोर बसवले. पहिल्या चाचणीत तिने 38 पैकी 17 प्रश्न कोरे सोडले होते. वर्गसमीकरणाच्या प्रकरणातले ओळखीचे उदाहरण मी निवडले: एक रेल्वे एकसमान वेगाने 360 किलोमीटर अंतर कापते, वेग ताशी 5 किलोमीटरने जास्त असता तर तेवढ्याच प्रवासाला 1 तास कमी लागला असता, तर रेल्वेचा वेग काढा. तिने वही पुढे ओढली, पेन्सिलीने 'उकल' लिहिले आणि थांबली. मी तिला काही न सांगता कागदावर x² + 5x – 1800 = 0 एवढेच लिहून दिले. दोन मिनिटांत तिने 45 आणि 40 असे अवयव पाडले, ऋण उत्तर खोडले आणि 40 भोवती चौकोन काढला. मग मी म्हणालो, आता तेच उदाहरण मोठ्याने वाच. 'एकसमान' या शब्दापाशी ती अडखळली, 'तेवढ्याच प्रवासाला' हे तिने दोनदा वाचले, आणि 'असता तर' पर्यंत पोहोचेपर्यंत वाक्याची सुरुवात तिच्या हातून निसटली होती. मी विचारले, "बसचा स्पीड वाढला, तर गावाला पोचायला वेळ जास्त लागेल का कमी?" तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिले आणि म्हणाली, "कमीच लागंल की सर."

गणित तिला येत होते. व्यवहारही कळत होता. या दोहोंमध्ये असलेले तीन ओळींचे वाक्य तिला ओलांडता येत नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण सीमाभागात शिक्षणाची चर्चा निघाली की ती माध्यमाच्या वादापाशी येऊन थांबते, आणि त्या वादामागे 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासूनची जखम असल्याने कोणी शांतपणे बोलत नाही. मी स्वतः मातृभाषेतील शिक्षणाचा आग्रही आहे आणि राहीन. परंतु ही मुले मराठी माध्यमातच शिकत होती. त्यांचा पेपर मराठीत होता. अडलेले वाक्यही मराठीतच होते. घरी बोलली जाणारी चिक्कोडी-निपाणीकडची मराठी आणि भाषांतरित पाठ्यपुस्तकातली मराठी यांत अंतर आहे हे खरे, पण ते अंतर वाचनाने कापता येण्याजोगे आहे. कोल्हापूरकडच्या मुलांनाही ते कापावे लागतेच. या शाळेत ते कापले जात नव्हते, कारण आठवीपासून मुलांना वाचायला लागतच नव्हते. शिक्षक फळ्यावर उत्तर लिहीत, मुले उतरवून घेत. दहावीत तर 'पासिंग पॅकेज' येते: उत्तीर्ण होण्याइतके गुण हमखास मिळावेत म्हणून निवडलेले ठरावीक घटक, रचना, आलेख, सूत्रे, एका प्रमेयाची सिद्धता. त्यात शाब्दिक उदाहरणे नसतात. कच्च्या मुलाला तेवढेच घोटायला सांगितले जाते, आणि त्याने तेवढे घोटले तरी पेपरातला प्रश्न थोडा वेगळ्या शब्दांत आला की तो कोरा राहतो. पॅकेज वाईट हेतूने केलेले नसते, मीही माझ्या नोकरीत ते वापरले आहे, आणि म्हणूनच आज म्हणतो की ज्या मुलांना वाचनाची सगळ्यांत जास्त गरज असते त्यांच्याच हातातून ते पुस्तक काढून घेते.

अंतर्गत गुणांमुळेही हे दुखणे झाकले जात होते. शंभर गुणांच्या प्रत्येक विषयात 20 गुण शाळेच्या हातात असतात, आणि त्या 20 पैकी 18 किंवा 19 प्रत्येकाला दिलेले होते. प्रगतिपुस्तकात 46 गुण पाहून पालकांना वाटे की मूल बरे चालले आहे. त्यातले 18 शाळेने दिलेले आहेत हे त्यांना कोणी सांगितलेले नसे. एका आईने मला विचारले, "आठवीत, नववीत पास हुतीच की, मग दहावीतच कसं काय झालं?" या प्रश्नाला शाळेकडे प्रामाणिक उत्तर नव्हते.

कन्नडची गोष्ट वेगळी आणि अधिक अवघड निघाली. 2015 च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानुसार 2015-16 पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने कन्नड सक्तीचे झाले; त्या वर्षी पहिलीत असलेली मुले म्हणजेच 2024-25 ची ही दहावीची बॅच. दहा वर्षे कन्नड शिकलेल्या या मुलांच्या वह्या मी उघडल्या तेव्हा निम्म्याहून अधिक वह्यांत कन्नड उत्तरे देवनागरीत लिहिलेली सापडली. आधी देवनागरीत उतरवायची, पाठ करायची, आणि मग अक्षरांची आकृती आठवून परीक्षेत कन्नड लिपीत काढायची. पत्रलेखनातला ठरावीक मजकूर अशा रीतीने जमतो, न पाहिलेल्या उताऱ्यावरचा प्रश्न जमत नाही. आणि तरी ही मुले बाजारात, बसमध्ये, क्रिकेटच्या मैदानावर सहज कन्नड बोलतात. बोलणे आणि लिपी यांची गाठ कोणी घालून दिली नव्हती, कारण कन्नडचे अतिथी शिक्षक दर वर्षी बदलत होते आणि आलेल्या प्रत्येकाला थेट दहावीचा अभ्यासक्रम संपवायचा असे.

उपाय मुख्याध्यापिका बाईंनी सुचवला, मी नाही. शाळेत रोज सकाळी प्रार्थना होते आणि त्यानंतर पवित्र शास्त्रातले (बायबलमधले) काही ओळींचे वाचन. ते वाचन वर्षानुवर्षे त्याच तीन-चार हुशार मुली करत. बाई म्हणाल्या, "मंडळीत रविवारी आळीपाळीने सगळेच वाचतात, अडखळले तरी वाचतात. शाळेत मात्र आम्ही निवडून वाचायला लावतो." ऑगस्टपासून क्रम बदलला. हजेरीपटाच्या क्रमाने प्रत्येक मूल पुढे येऊ लागले. बिगरख्रिस्ती मुलांना शास्त्राऐवजी वर्तमानपत्रातला उतारा निवडण्याची मोकळीक होती, आणि बरीच मुले शास्त्रातल्याच नीतिसूत्रे या पुस्तकातल्या ओळी निवडत, कारण त्या लहान असत. त्यानंतर त्याच मुलाने गणिताच्या किंवा विज्ञानाच्या पुस्तकातला एक प्रश्न मोठ्याने वाचायचा आणि तो आपल्या घरच्या बोलीत सांगायचा. उत्तर काढायचे नाही. फक्त काय दिले आहे आणि काय विचारले आहे एवढेच सांगायचे. पहिल्या दोन आठवड्यांत हे फार संथ चालले, पहिला तास दहा-बारा मिनिटे खाल्ला जाऊ लागला आणि विज्ञानाच्या सरांनी उघड नाराजी व्यक्त केली. अभ्यासक्रम मागे पडेल ही त्यांची चिंता रास्त होती. ऑक्टोबरच्या संकलित परीक्षेत मुलांनी 'कारणे लिहा' हे प्रश्न कोरे सोडलेले नाहीत हे त्यांनी स्वतः तपासताना पाहिले, आणि त्यानंतर ते उतारे निवडून देऊ लागले.

चाचण्यांत आम्ही गुणांबरोबर कोरे प्रश्नही मोजू लागलो. प्रत्येक मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर तारीख आणि कोऱ्या प्रश्नांची संख्या, एवढेच. चुकीचे का होईना, पण लिहा, असे मुलांना सांगितले होते. ज्या मुलीविषयी वर लिहिले, तिच्या पानावर जुलैला 17, सप्टेंबरला 13, नोव्हेंबरला पुन्हा 15 आणि जानेवारीच्या पूर्वपरीक्षेला 6 असे आकडे आहेत. नोव्हेंबरचा 15 का, हे विचारल्यावर कळले की त्या महिन्यात आई आजारी असल्याने विड्या वळण्याचे काम तिच्यावर आले होते. मार्कांच्या यादीत हे कधीच दिसले नसते.

नाताळच्या तयारीवरून मात्र मतभेद झाला. डिसेंबरचे पहिले तीन आठवडे दुपारनंतरचे तास नाटिका आणि कॅरल गीतांच्या सरावात जात, आणि नंतर सुट्टी. जानेवारीत पूर्वपरीक्षा, मार्चअखेर मुख्य परीक्षा. सराव शाळा सुटल्यावर घ्यावा असे मी सुचवले तेव्हा पाळक साहेबांना ते रुचले नाही. लांबच्या वाडीवरच्या मुलींना अंधार पडल्यावर घरी पाठवायचे कसे, हा त्यांचा प्रश्न होता आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. शेवटी दहावीच्या मुलांना फक्त गीतांत ठेवले गेले आणि नाटिका आठवी-नववीने केली. दहावीची मुले नाराज झाली. ती नाराजी मला आजही योग्य वाटते. शाळेतले शेवटचे नाताळ होते ते त्यांचे.

ऊस हंगामापुढे आमचे काहीच चालले नाही. कारखाने सुरू झाले आणि दोन मुलगे ट्रॅक्टरवर गेले. एकाच्या वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली होती, आणि ती फिटेपर्यंत मुलगा परत येणे शक्य नव्हते. दुसऱ्याच्या घरी मी आणि वर्गशिक्षक तीनदा गेलो. तिसऱ्यांदा त्याने आमच्यासाठी पाण्याचा तांब्या आणला, खाली मान घालून उभा राहिला आणि काही बोलला नाही. दोघांची हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली आणि ते परीक्षेला बसू शकले नाहीत.

2025 च्या पहिल्या, म्हणजे मार्चमधल्या परीक्षेत वर्गातल्या 29 पैकी 27 मुले बसली आणि 21 उत्तीर्ण झाली. त्या वर्षी 20 टक्के ग्रेस गुण नव्हते आणि राज्याचा निकाल आणखी खाली गेला होता, त्यामुळे 77.78 हा आकडा मला आदल्या वर्षीच्या आकड्यापेक्षा भक्कम वाटतो. पण 27 मुलांच्या वर्गाविषयी मीच वर लिहिले आहे, म्हणून त्यावर फार भार टाकत नाही. खिशात घडी घातलेल्या कागदावरच्या आठ मुलांपैकी चार पहिल्याच परीक्षेत उत्तीर्ण झाली, एक त्याच वर्षीच्या दुसऱ्या परीक्षेत झाली, दोघे राहिले, आणि एक म्हणजे उचलीपायी गेलेला तो मुलगा. रेल्वेचे उदाहरण वाचताना अडखळलेल्या त्या मुलीला गणिताच्या लेखी पेपरात 39 गुण मिळाले. अनुत्तीर्ण राहिलेल्या सहांपैकी चार कन्नडमध्ये अडकले. तिथे आमचा वर्षभराचा प्रयत्न अपुरा पडला. लिपीचे काम आठवीच्या पहिल्या महिन्यापासून सुरू केल्याशिवाय हे बदलणार नाही, आणि यंदा ते तसे सुरू झाले आहे.

उत्तीर्णांची टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांवर काढतात. त्यामुळे ते दोन मुलगे 77.78 मध्ये कुठेच नाहीत. ते नापासही नाहीत. निकालानंतर रंगारी फलक रंगवायला आला, तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी त्याला थांबवले आणि विश्वस्तांपुढे मागणी ठेवली की टक्केवारीच्या आधी आणखी दोन रकाने आखावेत: आठवीत किती मुले आली, आणि त्यांतली दहावीच्या परीक्षेला किती बसली. तीन वर्षांचे हजेरीपट काढून त्यांनी ते आकडे कागदावर तयारही करून ठेवले आहेत. विश्वस्तांचा निर्णय व्हायचा आहे, आणि 2025 ची ओळ तोवर कोरी आहे.